डोकी ओळखणारा मामा

माणसांची नावं मामांच्या लक्षात कधीच राहिली नाहीत. चेहरेही जेमतेम. पण एकदा हाताखालून गेलेलं डोकं ते जन्मात विसरत नसत. रस्त्याने कोणी पाठमोरा चाललेला दिसला की म्हणायचे, "हा डाव्या कानामागे खोक असलेला," आणि तो वळला की कोपऱ्यावरचा घड्याळजी निघायचा. "न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार म्हणतात," गिऱ्हाइकं चेष्टा करत, "पण आमच्या मामांचं डोकं उकरलं तर आत डोकीच निघतील!"

मामा ते खरं तर एकाच मुलाचे. थोरल्या बहिणीच्या. ताईचा नवरा लवकर गेला, ती दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धुण्याच्या कामाला लागली, आणि पोरगं दिवसभर मामाच्या दुकानात वाढलं. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून त्याला टिल्लू म्हणत. सोळाव्या वर्षी त्याला दुकानाच्या दारातून मान वाकवून आत यावं लागायचं, तरी नाव टिल्लूच राहिलं. त्याचं "मामा, मामा" ऐकून सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायला लागली. स्वतःचं लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे मामांचा संसार म्हणजे ही बहीण, हा भाचा आणि दुकानातल्या दोन खुर्च्या.

युद्ध सुरू झालं तेव्हा ते लांब होतं, बातम्यांपुरतं. दुसऱ्या वर्षी नदीपर्यंत येऊन ठेपलं. नदीच्या पलीकडे दुसरा देश, अलीकडे आपला, आणि गावापासून नदी बसने दोन तासांवर. मुलांची शाळा बंद करून तिथे एकोणीस पुरी झालेल्यांसाठी भरतीचं ठाणं उघडलं. एका सकाळी तिथला हवालदार दुकानात आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, उद्यापासून तिकडे यायचं. रोज तीस-चाळीस डोकी आहेत."

नाही म्हणायची सोय नव्हती.

शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली होती. एका डोक्याला चार मिनिटं, सगळ्यांना एकच झिरो नंबरचं मशीन. मुलं ओळीने उभी. खुर्चीत बसेपर्यंत सगळी हसत. "मामा, मधे थोडे ठेवा की!" "मामा, एवढे काढू नका, घरी गेल्यावर आई दारात उभी करणार नाही." मशीन कपाळापासून मागे गेलं, केसांचा पहिला पट्टा मांडीवर पडला की बोलणं थांबायचं. मग उठून स्वतःच्या डोक्यावर हात फिरवायचे आणि कोणाकडे न बघता निघून जायचे. संध्याकाळी झाडूवाली केस पोत्यात भरून न्यायची. काळे, पिंगट, कुरळे, सगळे एकाच पोत्यात.

न्हाव्याला वय कागदावरून कळत नाही, मानेवरून कळतं. ठाण्यावर जायला लागल्याच्या पंधराव्या-सोळाव्या दिवशी एक मुलगा येऊन बसला, पुस्तकं बांधणाऱ्या बाईंचा. मानेवरची लव अजून केस झाली नव्हती. गालाला वस्तरा ठाऊक नव्हता. भोवरा उलटा फिरलेला, त्यामुळे पुढचे केस काही केल्या बसत नव्हते, आणि मानेच्या खळगीत जुन्या गळवाचा मसुराएवढा वण. मामांनी खाली वाकून विचारलं, "किती वर्षांचा रे?"

"एकोणीस."

"मला खरं सांग."

हवालदार दाराशी उभा राहून यादी वाचत होता. मुलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "एकोणीस, मामा. कागदावर आहे ना."

मामांनी मशीन चालू केलं.

त्या दिवशी ते घरी आले, जेवले, ताईशी बोललेही. पण त्या मुलाची मान झोपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

आणि मग टिल्लूचा कागद आला. त्याला खरोखरच एकोणीस पुरी झाली होती, कसलीच पळवाट नव्हती. ताई मामांच्या समोर येऊन बसली. "तो हवालदार रोज सकाळी तुझ्यापुढे गळा देऊन बसतो. एक शब्द टाकता येत नाही तुला?"

दुसऱ्या दिवशी हवालदार दाढीला बसला. फेस लावून झाला, अर्धी दाढी झाली, वस्तरा गळ्याखाली आला आणि मामांचा शब्द ओठावर आला. तसाच त्यांनी तो परत घेतला. आधी वस्तरा पुसून घडी घालून बाजूला ठेवला, दोन्ही हात कापडावर ठेवले आणि मग म्हणाले, "साहेब, एक मागणं आहे. माझा भाचा आहे यादीत. विधवा आईचा एकुलता एक."

हवालदाराने डोळे उघडले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. "वस्तरा हातात असताना मागितलं असतंत तर कदाचित हो म्हणालो असतो," तो म्हणाला आणि हसला. मग हसू गेलं. "मामा, यादीतलं एक नाव काढलं की त्या जागी दुसरं घालावं लागतं. तुम्हीच सांगा, कुणाचं घालू? रोज चाळीस जण बसतात तुमच्यापुढे. एक निवडा."

मामांनी वस्तरा उघडला आणि उरलेली दाढी केली. हात जराही हलला नाही, याची त्यांना नंतर फार लाज वाटली.

टिल्लूचं डोकं त्यांनीच भादरलं. दोन भोवरे, शेजारी शेजारी. टाळूच्या डावीकडे शिवलेल्या जखमेची रेघ, चार वर्षांचा असताना लोखंडी खुर्चीवरून पडला होता त्याची. "मामा, हळू हो," टिल्लू म्हणाला, "म्हातारे झालात तुम्ही, हात थरथरतोय."

त्याला घेऊन ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ताई मामांशी कामापुरतंच बोलू लागली. जेवण वाढायची, झाकण ठेवायची, आपल्या खोलीत जायची.

पाच आठवडे झाले. पाच आठवड्यांत माणूस गाडी चालवायलाही नीट शिकत नाही. पण मुलांना नदीवर पाठवलं होतं. गणवेशही सगळ्यांना पुरले नव्हते, बरेच जण घरच्याच पॅंटवर गेले होते. गळ्यात घालायचे नंबराचे बिल्ले मागाहून येणार होते.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मामा दुकानात होते. ठाण्याची सुट्टी होती. घड्याळजीच्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती, तेवढ्यात हवालदार आत आला. या वेळी टोपी हातात होती.

"मामा, दवाखान्यात चला."

"काय झालं?"

"चार दिवसांपूर्वी नदीत एक नाव उलटली. गोळा लागला. त्या नावेत आपल्या गावची अकरा मुलं होती. काठाने शोधून शोधून अकरा देह मिळाले, ते काल इथे आणलेत. पाण्यात राहून..." तो थांबला. "चेहरे राहिले नाहीत. कागद भिजून गेले. आज दोन आयांना आत घेतलं, तर दोघींनी एकच मुलगा आपला म्हणून धरला. सोडेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आणखी कुणाला आत घेणार नाही. मग मी तुमचं नाव सांगितलं."

मामांनी वस्तरा ठेवला. "नावेत कोण कोण होतं?"

हवालदाराने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमचा भाचा होता."

घड्याळजीने गळ्यातलं कापड स्वतःच सोडलं आणि अर्ध्या दाढीनिशी उठून उभा राहिला. मामांच्या मनात एकच गोष्ट आली. ताई पहाटेच कामावर गेली होती, आणि जाताना दाराशी म्हणाली होती, "काल संध्याकाळी एकदम अकरा चादरी मागवल्या. नव्या. कशाला लागल्या असतील?"

दवाखान्याच्या फाटकाबाहेर माणसं उभी होती. बेकरीवाली होती, बस ड्रायव्हर आणि त्याची बायको होती, पुस्तकं बांधणारी बाई होती. मामांना आत जाताना पाहून सगळ्यांनी वाट दिली. ताई आतल्या बाजूला धोबीखान्याच्या भिंतीला टेकून उभी होती. हात कोपरापर्यंत ओले. तिने मामांकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती भिंतीपासून हलली नाही.

खोली लांबट होती, पूर्वी सामान ठेवायची. फिनेलचा वास, वर एक पंखा, आणि एका रांगेत अकरा खाटा. डॉक्टरीणबाई तिशीच्या आत-बाहेर असतील. डोळे लाल, हातात पुठ्ठ्याला लावलेली यादी.

"चेहरे मी झाकलेत, मामा. चादर काढू नका."

"मला चेहऱ्यांचा उपयोग नाही, बाई," मामा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दिलेले हातमोजे मामांनी घातले, पहिल्या खाटेपाशी गेले, हात ठेवला आणि परत काढला. हातमोजे उतरवून खिशात घातले. डॉक्टरीणबाईंनी पेन हातात घेतलं.

उघडी बोटं थंड डोक्यावर फिरली. "उजवी बाजू चपटी आहे. लहानपणी एकाच कुशीवर झोपायचा. हा बेकरीवालीचा धाकटा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं.

"टाळूवर पांढऱ्या केसांचा पुंजका. बस ड्रायव्हरचा." लिहिलं. तिसरा, कानाच्या पाळीत जन्मापासून भोक असलेला, गवंड्याचा. चौथा. पाचवा. मामांना नावं आठवत नव्हती. डॉक्टरीणबाई यादीवर बोट फिरवून आई-बापांचा धंदा शोधायच्या, नाव मोठ्याने वाचायच्या आणि पुढे जायच्या.

शेवटच्या खाटेवरची चादर कमी पडली होती. घोटे आणि पावलं बाहेर आली होती. खोलीत शिरल्याबरोबर मामांना ती दिसली होती, आणि तेव्हापासून त्यांनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. सरळ तिकडे जाता आलं असतं. कोणी अडवलं नसतं. पण मधे एवढी मुलं पडलेली, प्रत्येकाच्या नावाने बाहेर एक आई उभी. रांग मोडून पुढे जायला त्यांना तोंड नव्हतं. ते एक एक खाट करत गेले.

सातव्या खाटेवर बोटं थांबली. उलटा भोवरा. मानेच्या खळगीत मसुराएवढा वण. भादरल्यापासून पुढचे केस वाढले होते आणि मरूनही बसायला तयार नव्हते.

"हा पुस्तकं बांधणाऱ्या बाईंचा," मामा म्हणाले. "वय काय लिहिलंय याचं?"

"एकोणीस."

"खोडा. हा पंधराचा आहे."

हवालदार दारातून म्हणाला, "मामा, यादीत एकोणीस आहे."

"यादीचं डोकं मी भादरलं नाही. याचं भादरलं." मामांचा आवाज चढला. असा आवाज त्यांनी गिऱ्हाइकांवर कधी काढला नव्हता. "मला त्या दिवशीच कळलं होतं. तुम्हालाही कळलं असणार. लिहा बाई, पंधरा."

डॉक्टरीणबाईंनी हवालदाराकडे पाहिलं नाही. त्यांनी एकोणिसावर आडवी रेघ मारली.

आठ. नऊ. दहा. आणि मग बाहेर आलेल्या त्या पावलांपाशी मामा आले. त्यांनी खाटेची कड धरली. उंची तीच. खांदे तेच. "टिल्लू," ते पुटपुटले आणि हात पुढे केला.

केस हाताला लांब लागले.

मामांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. बोटभर लांब केस. भोवरा एकच. डावीकडे रेघ नाही. त्यांनी मान किंचित वळवून कानामागचा भाग पाहिला, मानेवरची कड पाहिली. श्वास मोकळा झाला, एवढ्या जोरात की तो खोलीत ऐकू आला.

"हा टिल्लू नाही. हा आपल्यातला कोणीच नाही. पाच आठवड्यांत झिरो मशीनचे केस एवढे होत नाहीत. आणि ही मानेवरची कड बघा, उलट्या बाजूने कापलीय. डावखुरा न्हावी. आपल्या गावात डावखुरा न्हावी नाही."

"मग कोण?"

"नदीपलीकडचा असेल."

हवालदार आत आला. त्याने यादी डॉक्टरीणबाईंच्या हातून घेतली. "अकरा नावं, अकरा देह. दहा लागले, एक नाव राहिलं, एक देह राहिला. संध्याकाळपर्यंत मला यादी वर पाठवायचीय. मामा, मलाही आवडत नाही, पण चार दिवस झालेत. तुमच्या बहिणीला निदान मुलगा पुरता येईल. नाहीतर जन्मभर दाराकडे बघत बसेल."

हे बोलताना त्याचा आवाज चांगला होता, दुष्ट नव्हता. म्हणूनच मामांना भीती वाटली. क्षणभर त्यांनाही ते पटलं. ताईने जन्मभर दाराकडे बघणं म्हणजे काय, हे त्यांना दिसलं.

"आणि याची आई?" त्यांनी विचारलं. "तिनं कुणाच्या दाराकडे बघायचं?"

"ती आपली माणसं नाहीत."

"तुम्ही मला विचारलं होतंत, कुणाचं नाव घालू म्हणून. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज सांगतो. कुणाचंच घालू नका." त्यांनी चादर ओढून त्या मुलाची पावलं झाकायचा प्रयत्न केला. चादर पुरेना. "हा माझा भाचा आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंत तर बाहेर जाऊन सगळ्यांपुढे खोटं म्हणून सांगेन. मग बाकीच्या दहांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी हवालदाराच्या हातून यादी हळूच परत घेतली. "सही माझी लागते," त्या म्हणाल्या. अकराव्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'अनोळखी'. आणि टिल्लूच्या नावापुढे, 'सापडला नाही'.

बाहेर जायला मामा वळले आणि त्यांना एकदम जाणवलं. आपला चेहरा! टिल्लू तिथे नाही याचा आनंद अंगभर उसळत होता आणि फाटकाशी दहा आया उभ्या होत्या. त्यांनी दारातच थांबून दोन्ही हातांनी तोंड चोळलं. तरी ताईने एका नजरेत ओळखलं. तिचा ओला हात भिंतीवरून घसरला, ती खाली बसली आणि तोंडातून अवाक्षर निघू नये म्हणून तिने स्वतःचं मनगट दातांत धरलं.

नावं डॉक्टरीणबाई वाचणार होत्या. पण बेकरीवालीने मामांची बाही पकडली. "माझा आहे का आत?" मामांनी मान हलवली. मग एकेक जण पुढे येत गेला आणि मामा एकेकाला हो म्हणत गेले.

पुस्तकं बांधणारी बाई शेवटी आली. नखांत खळ वाळलेली. "वय काय लिहिलंत त्याचं?"

"पंधरा."

"पंधरा पुढच्या महिन्यात पुरी होणार होती," ती म्हणाली. मग तिने मामांच्या हातांकडे पाहिलं. "भादरलं तुम्हीच ना?"

"हो."

ती वळून फाटकाशी जाऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी मामा ठाण्यावर गेले. पहिला मुलगा बसला. मामांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "किती वर्षांचा? खरं सांग, मला कळतं." मुलगा खरोखर वीसचा होता. दुसराही बरोबर निघाला. तिसऱ्यापाशी मामांनी मशीन खाली ठेवलं. "हा सोळाचा. याचं मी करणार नाही. दवाखान्यातल्या बाईंना बोलवा." रांगेत कुजबुज झाली. दुपारपर्यंत असे चार मुलगे बाजूला उभे होते आणि डॉक्टरीणबाईंनी चौघांच्या कागदांवर 'वय कमी' लिहून सही केली. ते चौघे घरी गेले. मंगळवारी ठाण्यावर दुसरा न्हावी होता. मामांच्या दुकानाला सहा आठवडे कुलूप ठोकलं, कारण सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही.

टिल्लूची बातमी नाव उलटल्यानंतर तेविसाव्या दिवशी आली. नदीच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात एक उंच मुलगा होता. पाय मोडलेला, जवळ कागद नाही, आणि तोंडातून शब्द नाही. तिथल्या यादीत तोही अनोळखी होता. डॉक्टरीणबाईंनी एकेका दवाखान्याला फोन करून दोन भोवरे आणि डावीकडची रेघ विचारली, तेव्हा सापडला.

ताई आणि मामा त्याला घेऊन आले. तो घरात आला तेव्हा दारात वाकलाच नाही, कपाळ चौकटीवर आदळलं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. ताईने घास भरवला तर खायचा, झोपवलं तर झोपायचा. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज झाला की ताडकन उठून खोलीबाहेर जायचा, कुबडी विसरून. ताई मग शेजारणीकडे जाऊन भांडी घासायला लागली.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, मामा जमिनीवर बसून कात्रीला धार लावत होते. टिल्लू मागून म्हणाला, "कोण कोण होते?"

मामांनी वळून पाहिलं नाही. वळलो तर तो पुन्हा गप्प होईल असं त्यांना वाटलं. ते कात्रीकडे बघतच सांगत गेले. बेकरीवालीचा. ड्रायव्हरचा. गवंड्याचा. सातव्यापाशी, पुस्तकं बांधणाऱ्या बाईंच्या मुलापाशी, टिल्लू म्हणाला, "थांबा."

मामांनी कात्री मांडीवर ठेवली.

"नावेत बसताना मी त्याला विचारलं होतं, पोहता येतं का. हो म्हणाला. म्हणून मी दुसऱ्याला धरलं, मामा. ज्याला येत नव्हतं त्याला. तोही सुटला हातातून. आणि हा... तो खोटं बोलला माझ्याशी."

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ताई उभी होती. तिने ऐकलं होतं. रडली नाही. ती टिल्लूपाशी येऊन बसली आणि खूप दिवसांनी मामांशी नीट बोलली. "त्याच्या आईला हे सांगायला हवं का रे?"

मामांनी आता वळून टिल्लूकडे पाहिलं.

"मला सांगायचंय," टिल्लू म्हणाला.

तिघं चालत गेले. कुबडीमुळे वेळ लागला. वाटेत मामांना दोनदा वाटलं की परत फिरावं. सांगून त्या बाईच्या पदरात काय पडणार, असंही वाटलं. पुस्तकं बांधणाऱ्या बाईचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून सुट्या पानांच्या गठ्ठ्यात सुई घालत होती. तिने वर पाहिलं. मामांना ओळखलं, ताईला ओळखलं, मग त्या उंच मुलाकडे आणि त्याच्या पायाकडे पाहिलं. सुई पानांत तशीच ठेवून ती उभी राहिली आणि स्टुलावरचे गठ्ठे उचलून बाजूला केले.

"तू त्याच्या नावेत होतास?"

"होतो."

"मग बस," ती म्हणाली. "सगळं सांग. काही गाळू नकोस."

टिल्लू बसला. मामा आणि ताई दाराशीच उभे राहिले, आणि तो बोलायला लागला.